नाव कुणाचं लागलंय?

बांध आणि बंदर : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

माझं माहेर बंदरावरचं आणि सासर पेणच्या खारपट्ट्यातलं. आईने जन्मभर मासळी विकली, सासूने जन्मभर भात लावला. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं बचत गटांची सहयोगिनी म्हणून फिरले, त्यात दोन्हीकडच्या बाया भेटल्या. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे असेल, या खेपेला पत्रं जास्त आली. तीन पत्रं सविस्तर घेते, दोन थोडक्यात.

प्रश्न : ताई, मी चांदवड तालुक्यातली. आमची चार एकर जमीन, त्यात दोन एकर कांदा. रोप टाकण्यापासून कांदा चाळीत भरेपर्यंत मी असते. मिस्टर ट्रॅक्टर, औषधं आणि मार्केट बघतात. मागच्या महिन्यात गावात शेतीशाळा झाली. मी गेले, तर नोंदवही लिहिणाऱ्याने विचारलं, "खातेदार कोण?" मी मिस्टरांचं नाव सांगितलं. त्याने तेच लिहिलं आणि पुढे सही माझी घेतली. घरी येऊन मी म्हटलं, सातबाऱ्यावर माझंही नाव लावा. मिस्टर नाही म्हणाले नाहीत. पण सासूबाई म्हणाल्या, "नाव लावून काय होणार? खातेस-पितेस ना इथलंच?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच, काय होणार?

उत्तर : ताई, तुम्ही चांदवडच्या आहात म्हणून आधी तुमच्याच तालुक्याची गोष्ट सांगते. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं होतं. गावोगावच्या बाया भाकरी बांधून आल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: जी लक्ष्मी शेतात राबते तिचं नाव जमिनीला लावा. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. नवऱ्यांनी आपल्या हाताने नावं लावून दिली. मग सरकारनेही १५ सप्टेंबर १९९२ ला परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. मुद्रांक नाही, खरेदीखत नाही. इतकी वर्षं झाली, तरी माझ्या फिरतीत दहातल्या आठ बायांनी या योजनेचं नावही ऐकलेलं नसायचं.

काम असं होतं. मिस्टरांच्या सहीचा अर्ज, सातबारा, आठ-अ, दोघांचे आधार आणि लग्नाचा काही पुरावा तलाठ्याकडे द्यायचा. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणतं?) ते फेरफार धरतात, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. जमीन मिस्टरांच्या नावावर असली पाहिजे. अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी तो टप्पा पार करावा लागेल. भावांचं खातं एकत्र असेल तर मिस्टरांच्या हिश्श्यापुरतंच नाव लागेल. सोसायटीचा बोजा असेल तर तो तसाच राहील. अर्ज दिल्याची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलणं.

आता सासूबाईंचा प्रश्न. मी त्यांच्यावर रागावणार नाही, कारण हाच प्रश्न माझ्या घरात वेगळ्या तऱ्हेने आला होता.

माझे सासरे १९९६ च्या पावसाळ्यात गेले. दिवस झाले, वारस नोंद झाली, आम्ही कुणी कागद पाहिला नाही. दोन वर्षांनी उधाणात खारबांधाला खांड पडली, भातात खारं पाणी शिरलं आणि पंचनाम्यासाठी सातबारा काढावा लागला. मी तो ओटीवर बसून वाचत होते. सासूबाई समोर सूप घेऊन बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी हात पदराला पुसले, कागद मागून घेतला आणि ओळीवरून बोट फिरवत विचारलं, "यात माजं नाव कुटं हाय?" त्यांना वाचता येत नव्हतं. कागदावर दोन नावं होती, माझ्या नवऱ्याचं आणि दिरांचं. मी म्हटलं, "नाही लागलेलं." त्या बराच वेळ बोट त्याच ओळीवर ठेवून बसल्या. त्याच आठवड्यात बांधाच्या खांडीत चिखलाचे गोळे टाकायला कमरेएवढ्या पाण्यात त्या उभ्या होत्या. वय त्यांचं तेव्हा पासष्टच्या पुढे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच विधवा आणि मुली पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. तरी नोंद करताना दोन मुलगे तेवढे लिहिले गेले, आई आणि दोन बहिणी राहिल्या. कुणी कट केला नव्हता. विचारणाऱ्याने "वारस कोण?" विचारलं आणि सांगणाऱ्याला मुलगेच आठवले. आम्ही नोंद दुरुस्त करून घेतली. सोपं गेलं असं सांगणार नाही. कचेरीत मला विचारलं, "वहिनी, घरात भांडण झालंय का?" दीर दोन गणपती आमच्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले. नवीन उतारा आला तेव्हा सासूबाईंनी त्याची घडी घालून देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली. त्या गेल्या तेव्हाही तो तिथेच होता.

म्हणून म्हणते, सासूबाईंना वाद घालून पटवू नका. सासरे हयात नसतील तर उतारा काढा आणि दोघी मिळून बघा, त्यांचं नाव त्यात आहे का. नसेल तर दोघींचीही नावं एकाच वेळी लावायला घ्या. त्यांचं "काय होणार" तिथेच संपेल असं मला वाटतं.

आणि काय होणार ते सांगते. पैसे दुप्पट होणार नाहीत. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये कुटुंबाला एकदाच मिळतात. सातबारा ही महसुली नोंद आहे, कोर्टात मालकी सिद्ध करताना इतर कागदही लागतात, हेही खरं. पण पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, अनुदानावरचं अवजार या सगळ्यांचा दरवाजा सातबारा आहे, आणि हल्ली शेतकरी ओळख क्रमांकही त्यावरूनच निघतो. जमीन विकायची किंवा गहाण टाकायची झाली तर तुमची सही लागेल. आणि जे बोलायला जीभ रेटत नाही तेही बोलते. उद्या मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही नव्याने रांगेत उभ्या राहणार नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात, ज्यांच्या नवऱ्यांनी आत्महत्या केल्या अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायांना कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. त्याही इथलंच खात-पीत होत्या.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या कामकरी बायांपैकी साधारण ६५ टक्के शेतीत होत्या, काही स्वतःच्या रानात, बाकीच्या दुसऱ्याच्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र शंभर वहिती खात्यांतली जेमतेम चौदा बायांच्या नावावर. रोप लावताना ओणवं राहून ज्यांची कंबर धरते त्या एका यादीत, आणि मार्केटची हिशोबपट्टी ज्यांच्या नावाने फाटते ते दुसऱ्या यादीत.

शेतीशाळेचं राहिलं. पुढच्या वेळी "खातेदार कोण" विचारलं तर मिस्टरांचं नाव सांगा, पण "शिकायला आलेली मी आहे, माझं नाव लिहा" हेही ठणकावून सांगा. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या मालकीला बांधलेली नाही. कसणारा, मजूर, वाटेकरी, मासेमार, गुरं राखणारा, सगळे त्यात येतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन राज्यसभेवर असताना त्यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खाजगी विधेयकही मांडलं होतं, गावाने दिलेल्या दाखल्यावर बाईला शेतकरी मानावं म्हणून. ते मंजूर झालं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

प्रश्न : काकू, मी पालघर जिल्ह्यातली, किनाऱ्यावरची. वय २४, बी.कॉम. झालेय, एका सीएकडे काम करते. आई तीस वर्षं नगरपरिषदेच्या बाजारात मासे विकते, त्याआधी त्याच जागी आजी बसायची. आता तिथे नवीन मंडई होणार. ओट्यांची यादी लागली, त्यात आईचं नाव नाही. "परवाना दाखवा" म्हणतात. आई म्हणते, जाऊ दे, रस्त्यावर बसेन. बाबा म्हणतात, कोळणीला कोण उठवतंय, ती तर राणी. कर्जासाठी बँकेत किसान क्रेडिट कार्डाचं विचारलं, तर बोट कुणाच्या नावावर म्हणाले. बोट बाबा आणि काकांची. घरचा सगळा पैसा आई सांभाळते, पण तिच्या नावावर काहीच नाही हे मला ती यादी वाचताना पहिल्यांदा कळलं.

उत्तर : पोरी, तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

"कोळीण म्हणजे राणी" हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात खोटं काही नाही. आमच्यात मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. भाव ती ठरवते, उधारी ती ठेवते, गल्ला तिच्या कमरेच्या पिशवीत. माझी आई म्हणायची, "होरी तुज्या बापाची, पन पाटी माजी हाय." पहाटे तीनला उठून ती बर्फ फोडायची. शिंगाळ्याचा काटा लागून तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक गाठ राहिली होती, थंडीत ती निळी पडायची. मोरलीवर, म्हणजे मासे कापायच्या विळीवर, बसली की तोच अंगठा माशाच्या कल्ल्यात घालून धरायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पापलेटाच्या तुकड्या पाडायची, खाली न बघता.

१९७४ साली, मी चौथीत होते, आमच्या होडीला मशीन बसवायचं ठरलं. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. मशीन आलं, नारळ फुटला, सगळ्यांनी गूळ-खोबरं खाल्लं. तीन वर्षांनी काकांच्या कर्जापायी होडी मशीनसकट विकली गेली. आईला ते बंदरावर कळलं, दुसऱ्या बाईच्या तोंडून. व्यवहार करताना तिला विचारायची गरजच नव्हती, तिचं नाव कशातच नव्हतं. जमातीच्या बैठकीत ती जाऊ शकत नव्हती. राणीला बैठकीत जागा नव्हती, हे तुझ्या बाबांना माझ्यातर्फे सांग, प्रेमानेच सांग.

आणि पाटीही पूर्वीसारखी हातात राहिलेली नाही. मासळी गावच्या किनाऱ्याला लागायची तोवर ती थेट घरच्या बाईच्या ताब्यात यायची. ट्रॉलर आले, बर्फ आला, कोळंबी परदेशात जाऊ लागली, आणि माल मोठ्या बंदरांवर लिलावात जाऊ लागला. तिथे व्यापारी शंभर टोपल्या एकदम उचलतो. आपली बाई दोन टोपल्यांसाठी अंधारात उभी राहते आणि नवऱ्याने पकडलेली मासळी रोख पैसे मोजून विकत घेते. ते पैसे सकाळी शंभराला दहाने उचलून संध्याकाळी फेडणाऱ्या बाया मी पाहिल्यात. बोटीला डिझेलवर सवलत आहे. पाटीला काय आहे?

आता कामाचं. तुमचा बाजार नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, म्हणून २०१४ चा पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा तुमच्या बाजूने आहे. त्यात आधी सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, मग विक्री प्रमाणपत्र द्यायचं, आणि हे पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया. तुमच्याकडे ही समिती आहे का, सर्वेक्षण कधी झालं, यादी कशावरून केली, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात लेखी विचार. उत्तराची वाट बघत न बसता आईच्या नावाने हरकतीचा अर्ज लगेच दे.

पुरावा म्हणून बाजाराच्या रोजच्या पावत्या सगळ्यात भक्कम. आईने ठेवल्या असतील का? माझ्या आईची गुलाबी पावती रोज ओली होऊन टोपलीच्या तळाला चिकटायची आणि खवल्यांबरोबर धुऊन जायची. चाळीस वर्षांच्या पावत्या अशा धुऊन गेल्या. तुमच्याही गेल्या असतील तर शेजारी बसणाऱ्या बायांचे सह्यांचे जबाब, जुने फोटो, आजीच्या वेळचा एखादा दंडाचा कागदसुद्धा चालव. आणि एकट्या आईसाठी भांडू नकोस. यादीत नसलेल्या आणखी बाया निघतील, त्यांच्यासाठी एकच अर्ज कर. शिकलेल्या पोरीने बाजारातल्या सगळ्यांचे कागद हातात घेतले की बाजाराची चालच बदलते, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

मंडईच्या नकाशात बायांसाठी संडास, पाणी आणि बर्फाच्या पेटीची जागा आहे का ते आताच बघ. पहाटे निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. माझ्या आईला मूतखडा झाला तो असाच. स्लॅब पडल्यावर संडास कुणी बांधून देत नाही.

कर्जाचं सांगते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मासेमारीला लागू झालं, पण समुद्रातल्या मासेमारीसाठी नोंदणीकृत बोट मालकीची किंवा भाड्याची आणि परवाना मागतात. पात्र यादीत बचत गट आणि महिला गटही आहेत, त्यामुळे मत्स्यशेतीच्या कामासाठी गट करून जाता येतं. आईच्या रोजच्या खरेदीला मात्र पीएम स्वनिधी, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज, जास्त बरं. २०२० मध्ये पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं. वेळेवर फेडलं की पुढचं २५,००० आणि मग ५०,०००. शंभराला दहाच्या तुलनेत हे फार हलकं आहे. पण त्यालाही विक्रेत्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं, म्हणून आधी यादी.

एका गोष्टीला जप. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान आणि बायांना ६० टक्के. त्यामुळे अचानक बायकोच्या नावाने अर्ज भरायची घाई उडते. मासे वाढवायचा पिंजरा तिच्या नावाने, गाडी तिच्या नावाने, शीतगृह तिच्या नावाने. मी अशा एका बाईकडे गेले होते, तिला आपल्या नावावर मासळीची गाडी आहे हे माझ्याकडून कळलं. कर्जाची परतफेडही तिच्याच नावावर होती. उद्या तुमच्या घरात असा अर्ज भरायचा झाला तर आईला पासबुक स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवायला सांग, आणि मोबाईलवर येणारा ओटीपी तिच्याच मोबाईलवर येऊ दे.

प्रश्न : ताई, मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव. आमच्याकडे दोन मामा (माजी मालगुजारी) तलाव ठेक्याने आहेत. कायद्याप्रमाणे संचालक मंडळात दोन बाया घेतल्यात. सह्या घरी जाऊन आणतो, त्यांना त्रास देत नाही. आता बारा-तेरा बाया म्हणतात, आम्हालाही सभासद करा. काही सभासद म्हणतात, बाई जाळं फेकत नाही, मग ती मच्छीमार कशी? वाद न होता काय करता येईल?

उत्तर : भाऊ, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही मोकळेपणाने लिहिते. सह्या घरी जाऊन आणणं बंद करा. त्रास वाचवता असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, पण त्या दोघींचा हक्क त्यात जातो. बैठक दिवेलागणीला नको, स्वयंपाकाची वेळ असते. दुपारी दोन-तीनला ठेवा, तलावाच्या पाळीवर ठेवा. इतिवृत्त वाचून दाखवा, मग सही.

जाळं फेकणं म्हणजेच मासेमारी असं धरलं तर बोटुकली (माशांची पिल्लं) मोजून सोडणं, तलावातला कचरा उपसणं, राखण, शिंगाडा, बाजार, हे सगळं कोण करतं ते एकदा लिहून काढा. लांब जायला नको. तुमच्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या ढिवर या मच्छीमार समाजातल्या बायांनी काय केलं ते बघून या. मासळी का घटली हे त्यांनी आधी शोधलं. पाळीपर्यंत बेशरम नावाची झुडपं माजली होती ती उपटली, उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या भागात मशागत केली आणि पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, कारण देशी मासे त्यांच्या आडोशाने अंडी घालतात. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान म्हाताऱ्या माणसांकडे होतं, ते बायांनी गोळा केलं. त्यांच्याबरोबर तुमचे "मच्छीमार कशी" विचारणारे सभासद एक दिवस राहिले तर मला फार आनंद होईल.

वाद होणारच, त्याला घाबरू नका. पण एक पद्धत सांगते जी चालते. बाया कुणाच्या तरी बायको म्हणून सभासद करू नका. प्रत्येकीने संस्थेचा स्वतःचा भाग (शेअर) घ्यावा, पावती तिच्या नावाची असावी, आणि वाटणीत तिचा वाटा तिच्या हातात द्यावा. बारा-तेरा जणी एकदम घ्या, एकटी-दुकटी बाई सभेत तोंड उघडत नाही. पहिल्या वर्षी त्यांना एका तलावाच्या बोटुकलीचं आणि राखणीचं काम पूर्ण सोपवा, हिशोबासकट. हंगामानंतर दोन्ही तलावांचे आकडे सभेपुढे ठेवा. आकडे कसेही आले तरी ठेवा.

थोडक्यात

सिंधुदुर्गातल्या एका ताईंनी विचारलंय : "मी ओहोटीला खाडीत कालवं आणि मुळे काढते. खडकावरून घसरून पाय मोडला तर मला मासेमाराचा विमा लागू होतो का? माझी होडी नाही."

होडीची अट नाही. मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे, वय १८ ते ७०, मासेमारी आणि तिच्याशी निगडित काम करणाऱ्यांना. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५,००० पर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण तुमचं नाव मत्स्यव्यवसाय खात्याकडच्या यादीत हवं, म्हणून तालुक्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा संस्थेकडे आताच नोंदवा. कोयती आणि टोपली घेतलेला फोटो अर्जाला जोडा, तुमचं काम समोरच्याला दिसू द्या. आणि शेती असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेत खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसाला अपघाताचं संरक्षण आहे, हेही लक्षात ठेवा.

साताऱ्याहून एका भगिनीचं पत्र : "भाऊ म्हणतो, हक्कसोडीवर सही कर, मग राखीला येशील ते माहेर राहील. सही करू का?"

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने भावाइतकीच वाटेकरी झाली, आपल्या राज्यात तर अविवाहित मुलींसाठी ते १९९४ मध्येच झालं होतं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवे होते अशी अट नाही. सही करायची की नाही हे मी ठरवणार नाही. भावाची परिस्थिती, आईवडिलांना कोण बघतं, तुमचा स्वतःचा संसार, हे तुम्हाला ठाऊक. पण सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, ताट वाढून ठेवलेलं असताना सही करू नका. कागद घरी आणा, गट नंबर आणि क्षेत्र उताऱ्याशी ताडून बघा, आणि सगळंच सोडायचं नसेल तर थोडं ठेवा.

माझ्या दोन नणंदांपैकी थोरलीने समजून-उमजून हक्कसोड दिली. धाकटीने दिली नाही, आणि सगळ्यांत जास्त बोलणी तिनेच खाल्ली. तिच्या वाट्याला बांधालगतचे अकरा गुंठे आले, सगळ्यांत खारी जमीन. यंदा तिने तिथे पनवेल-३ हे खाऱ्या जमिनीत येणारं भात लावलं होतं. दिवाळीला आली तेव्हा भरडलेला तांदूळ घेऊन आली, पाच किलो माझ्यासाठी आणि पाच किलो माझ्या दिरांसाठी.